मिलिमीटर मिलिमीटर लढवू!

कॉम्प्युटरचं कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात, हे पहिल्यांदा ऐकणारा हमखास हसतो. पण दुसरा इलाज नाही. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी सांगितली तर दोन डब्यांतला लहान कोणता, ते चटकन कळत नाही. तिन्हींचा गुणाकार केला की वाद मिटतो. नेहमीचं टॉवर कॅबिनेट भरतं ४०-५० लिटरचं. २० लिटरच्या आत आलात की छोट्या कॅबिनेटवाल्यांच्या पंगतीत तुमचं पान वाढलं जातं. ऑफिसात पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, तेवढ्या जागेत प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, पंखे आणि वायरींचं जंजाळ बसवायचं. आणि हे लोक तिथेही थांबत नाहीत. १० लिटर, ७ लिटर, ४ लिटर अशी उतरती भाजणी चालूच असते.

वाद मिटतो म्हटलं खरं, पण खालचे रबरी पाय मापात धरायचे की नाही, यावर हे शौकीन आजही हमरीतुमरीवर येतात. पाय वगळले की अर्धा लिटर वाचतो. आकड्याची हौस कुणाला नाही!

१७ सेंटिमीटरची चौकट

हा सगळा खेळ ज्या मदरबोर्डावर चालतो तो मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० मिमी बाय १७० मिमीचा चौरस. मोठा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमीचा. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर मिनी-आयटीएक्स त्याच्या जेमतेम ३९ टक्के भरतो.

गंमत अशी की एटीएक्सचा आराखडा १९९५ साली इंटेलने ठरवला, मिनी-आयटीएक्सचा मात्र इंटेल-एएमडी या दोघांपैकी कुणीही नाही. तो २००१ साली आणला तैवानच्या व्हाया टेक्नॉलॉजीजने. व्हायाचे प्रोसेसर वेगात मार खायचे, पण वीज फार कमी खायचे. कंपनीच्या सुरुवातीच्या एपिया बोर्डांत ५३३ मेगाहर्ट्झचा एक प्रोसेसर तर पंख्याशिवाय नुसत्या हीटसिंकवर चाले. मग हौशी मंडळींनी हे बोर्ड जुन्या रेडिओत, टोस्टरमध्ये, खेळण्यांत कोंबायला सुरुवात केली. व्हायाचे प्रोसेसर आज कुणी आठवतही नाही, चौकट मात्र अजून तीच आहे. वेगाच्या शर्यतीत शेवटून पहिल्या आलेल्या कंपनीने आखलेल्या मापात आज घरगुती कॉम्प्युटरचे सर्वांत तगडे प्रोसेसर बसतात.

व्हायाने एक शहाणपण केलं होतं. मिनी-आयटीएक्सची चार स्क्रूंची भोकं एटीएक्सच्या भोकांशी जुळतील अशीच ठेवली. त्यामुळे छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्येही बिनतक्रार बसतो. मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात चटई टाकल्यासारखा दिसतो, एवढंच.

पुढे कंपनीला हुरूप आला. २००३ मध्ये १२० मिमीचा नॅनो-आयटीएक्स, २००७ मध्ये १०० बाय ७२ मिमीचा पिको-आयटीएक्स. दोन्ही कारखान्यांच्या यंत्रांत आणि तत्सम ठिकाणी गेले. घरात असेंबल करणाऱ्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही.

आणि छोटा बोर्ड स्वस्त असेल, हा भ्रम असेल तर आत्ताच सोडा. त्यावर रॅमचे खाचे दोनच, कार्डाचा स्लॉट एकच, तरी किंमत बहुधा मोठ्या भावापेक्षा जास्त. तेवढ्याच सगळ्या तारा कमी जागेतून न्यायच्या तर बोर्डाचे थर वाढवावे लागतात, आणि खप कमी म्हणून प्रत्येक नगावर खर्चाचा बोजा जास्त. कमी कापडाचा कपडा महाग पडतो, तसलाच प्रकार.

१९८३ सालचं माप अजून मानगुटीवर

ग्राफिक कार्ड ‘दोन स्लॉटचं’ की ‘तीन स्लॉटचं’, अशी चौकशी आजही होते. हा एक स्लॉट म्हणजे नेमका केवढा? ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिमी. हे माप आलं आयबीएमच्या १९८३ सालच्या पीसी एक्सटीमधून. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत पाच स्लॉट होते आणि त्यांच्यात एकेका इंचाचं अंतर होतं. एक्सटीत आठ स्लॉट बसवायचे होते, म्हणून इंजिनिअरांनी अंतर आवळून ०.८ इंच केलं. ते स्लॉट गेले, ती कार्डं गेली, आयबीएमनेही पीसीचा धंदा विकून टाकला, ते ०.८ इंच मात्र तुमच्या आजच्या कॅबिनेटच्या पाठीवर तसंच आहे.

मापांच्या बाबतीत कॉम्प्युटरवाले एरवीही फार भरवशाचे नाहीत. साडेतीन इंची हार्ड डिस्क पट्टीने मोजा: चार इंच रुंद भरते. नाव पडलं ते साडेतीन इंची फ्लॉपी ज्या खणात बसायची त्यावरून. अडीच इंची डिस्कही पावणेतीन इंच असते. त्या मानाने नवीन पिढीची एम-डॉट-टू एसएसडी सरळ वागते. तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, विषय संपला. छोट्या कॅबिनेटचं नशीब खरं फळफळलं ते हिच्यामुळेच. डिस्कचा खण गेला, तिची डेटा केबल गेली, पॉवर केबलही गेली.

स्क्रूंची तर वेगळीच तऱ्हा. एसएमपीएस आणि मोठी हार्ड डिस्क यांना इंचाच्या पद्धतीचा, इंचाला ३२ आटे असलेला जाड स्क्रू लागतो. अडीच इंची एसएसडीला मेट्रिक पद्धतीचा तीन मिमीचा. एम-डॉट-टूला बहुधा त्याहून बारीक दोन मिमीचा, जो हातातून सुटला की थेट फरशीच्या सांध्यात अंतर्धान पावतो. एकाच डब्यात ब्रिटिश-अमेरिकी इंच आणि फ्रेंच मिलिमीटर सुखाने नांदतात. जाडा स्क्रू बारीक भोकात जबरदस्तीने पिळणाऱ्याची खैर नसते, तेवढं फक्त लक्षात ठेवायचं.

घनाकृतींचा शाप

कॉम्प्युटर चौकोनी ठोकळ्यासारखा असावा, हा ध्यास स्टीव्ह जॉब्जला दोनदा महागात पडला.

१९८८ मध्ये त्याच्या नेक्स्ट कंपनीने मॅग्नेशियमचा काळा ठोकळा आणला. प्रत्येक बाजू एक फूट, किंमत ६,५०० डॉलर. खप बेताचाच झाला, पण एक नग जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-लीच्या टेबलावर गेला आणि जगातला पहिला वेब सर्व्हर झाला. हा ठोकळा तेव्हा आटोपशीर वाटायचा. घनफळ काढलं तर २८ लिटर! म्हणजे आजच्या शौकिनांनी त्याला पंगतीत घेतलंच नसतं.

मग २००० च्या जुलैत ॲपलचा पॉवर मॅक जी-४ क्यूब आला. पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात अधांतरी तरंगल्यासारखा दिसणारा आठ इंची ठोकळा. पंखा नाही. गरम हवा मधल्या पोकळीतून आपसूक वर जायची. ठोकळा उलटा करून हँडल दाबलं की ते अलगद वर यायचं आणि अख्खं मशीन आवरणातून बाहेर ओढून घेता यायचं. आजही पाहिलं तर हेवा वाटावा अशी रचना. पण १,७९९ डॉलर मोजून लोकांना त्यात बारीक रेषा दिसू लागल्या. ते तडे की साच्याच्या खुणा, यावर वाद झाले. वरचं स्पर्शाचं बटण नुसता हात फिरला तरी दबायचं. वर्षही पुरं झालं नाही, तोच ३ जुलै २००१ ला ॲपलने उत्पादन थांबवलं. आज तो क्यूब न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. दुकानात न चाललेल्या मालाचं याहून चांगलं काय व्हायचं?

ॲपलने पुन्हा ठेच खाल्ली ती गोल आकारात. २०१३ चा मॅक प्रो साधारण २५ सेंमी उंच, १७ सेंमी व्यासाचा काळा नळकांडा होता. घनफळ साडेपाच लिटरच्या आसपास. लोकांनी त्याचं नाव कचरापेटी ठेवलं. आत त्रिकोणी हीटसिंक, त्याच्या तीन बाजूंना बोर्ड आणि वर एकच पंखा. डोकं लढवावं तर असं! पण उष्णतेचा हिशोब दोन मध्यम ग्राफिक चिपांचा धरला होता. दुनिया गेली एकाच मोठ्या, तापट चिपकडे. त्रिकोणाची एकच बाजू तापू लागली तर उरलेल्या दोन बाजू काय कामाच्या? २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनीच पत्रकारांना बोलावून हे कबूल केलं.

छोट्या कॅबिनेटचा पहिला धडा इथेच आहे. जागा आज पुरते की नाही हे मिलिमीटरवर ठरतं. उद्या पुरेल की नाही, हे पुढच्या चिपा किती तापणार त्यावर.

सँडविचवाले

आजचे हे छोटे डबे मोठ्या कंपन्यांच्या आधी हौशी लोकांनी घरी बसून काढले. इंटरनेटवर ओळख झालेल्या दोघांनी एनकेस एम-१ नावाचं कॅबिनेट आखलं, २०१३ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि तैवानच्या लियान लीकडून ते बनवून घेतलं. साडेबारा लिटरच्या त्या ॲल्युमिनियमच्या डब्यात पूर्ण लांबीचं ग्राफिक कार्ड बसायचं. त्या काळी ही जादूच होती.

जर्मनीतून आलेल्या डॅन ए-४ ने २०१६ मध्ये ७.२ लिटरची मजल मारली. युक्ती अशी: ग्राफिक कार्ड मदरबोर्डात काटकोनात खोचायचंच नाही. मधे एक पत्रा घालायचा, त्याच्या एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला कार्ड, दोघांची पाठीला पाठ. आणि वळसा घालून जाणाऱ्या चपट्या रायझर केबलने दोघांचं बोलणं करून द्यायचं. डबा अगदी चिंचोळा. यालाच सँडविच रचना म्हणतात. मात्र प्रोसेसरच्या कूलरला उंची मिळते अवघी ४८ मिमी. मोठ्या कॅबिनेटमधला नॉक्टुआचा एनएच-डी१५ कूलर १६५ मिमी उंच असतो, यावरून अंदाज करा. त्याच ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-एल९ हा ३७ मिमीचा बुटका कूलर या लोकांचा जुना आधार.

रायझर केबलने पहिल्यांदा असेंबल करणाऱ्यांना रडवलंय. सगळं जोडून झालं, पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच. कार्ड गेलं की काय म्हणून घाम फुटतो. दहा वेळा सगळं उचकटल्यावर उलगडा होतो की केबल आहे तिसऱ्या पिढीची आणि बोर्ड-कार्ड तिच्यावरून चौथ्या पिढीच्या वेगाने बोलू पाहताहेत. तिला तो वेग झेपत नाही. उपाय दोन मिनिटांचा: बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, स्लॉटचा वेग ‘जेन-३’ करायचा. पण बायोस दिसण्यासाठी पडदा हवा! म्हणून प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक असेल तर केबल तिथे लावायची, नाहीतर कार्ड तात्पुरतं थेट बोर्डात खोचायचं.

यातला सर्वांत महागडा स्क्रू सापडला एनझेडएक्सटी कंपनीच्या एच-१ कॅबिनेटमध्ये. रायझरचा बोर्ड धरून ठेवणारे दोन धातूचे स्क्रू शॉर्टसर्किट घडवू शकतात आणि आग लागू शकते, असं निघालं. कंपनीने आधी प्लास्टिकचे स्क्रू पाठवून पाहिले. पण आवळताना स्क्रू रायझरच्या बोर्डातली वीजवाहक तार खरवडतो हेच मूळ होतं. शेवटी २०२१ मध्ये अमेरिकेत कॅबिनेट अधिकृतपणे परत मागवलं गेलं. दोन स्क्रूंपायी!

पाऊण लिटरात १००० वॉट

नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० बाय १४० बाय ८६ मिमीचा, म्हणजे १.८ लिटर. छोट्या कॅबिनेटमधला एसएफएक्स १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमीचा, पाऊण लिटरच्या थोडा वर. आणि या पाऊण लिटरात आता १००० वॉटही मिळतात. त्याहून चिंचोळा फ्लेक्स एटीएक्स अर्ध्या लिटरचा असतो, पण त्याचा पंखा ४० मिमीचा. एवढासा पंखा पुरेशी हवा ढकलायची म्हणून बेभान फिरतो आणि जोरात काम लागलं की कोकलतो.

पंख्यांचं गणित मुळातच क्रूर आहे. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट, दाब चौपट, पण वीज आठपट. आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. म्हणून एक मोठा सावकाश फिरणारा पंखा तीन छोट्या भरधाव पंख्यांना भारी पडतो. शक्य असेल तिथे १२० मिमीचाच पंखा लावावा, हे माझं ठाम मत. दिसण्यासाठी पातळ पंखे घेणाऱ्यांनी कानांची तयारी ठेवावी.

अगदीच जागा नसेल तर पिको-पीएसयू नावाची गंमत मिळते. हा एसएमपीएस जवळपास २४ पिनांच्या प्लगएवढाच असतो आणि बोर्डातच खोचून बसतो. अवजड काम मात्र लॅपटॉपसारख्या बाहेरच्या विटेकडे. म्हणजे कॅबिनेट छोटं झालं, वीट टेबलाखाली गेली. लिटर मोजताना ही वीट कुणीच मोजत नाही!

कार्डाने अंग चोरलं

२०२२ चं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे त्यांचं स्वतःचं कार्ड ६१ मिमी जाड, तीन स्लॉटचं, ४५० वॉटचं होतं. छोट्या कॅबिनेटवाल्यांनी तेव्हाच हात टेकले होते. २०२५ मध्ये ५०९० आलं: वीज वाढून ५७५ वॉट, आणि जाडी उतरून ४० मिमी! मुख्य बोर्ड लहान करून मधोमध ठेवला, दोन्ही बाजूंचे पंखे पात्यांमधून हवा आरपार फेकतात. छोट्या डब्यांसाठी इतकी मोठी भेट कुणी दिली नव्हती. फक्त आरपार गेलेली गरम हवा सँडविच कॅबिनेटमध्ये मधल्या पत्र्यावर आदळते, आणि पत्र्यापलीकडे मदरबोर्ड बसलेला असतो. एकाची सोय, दुसऱ्याला झळ.

२०२४ मध्ये एनव्हिडियाने छोट्या कॅबिनेटसाठी कार्डाची कमाल मापंही जाहीर केली: ३०४ मिमी लांब, १५१ मिमी उंच, ५० मिमी जाड. उंचीत केबलचं वळणही धरलेलं आहे, हे विशेष. कारण १६ पिनांचा नवा पॉवर प्लग २०२२ च्या ऑक्टोबरात वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. प्लग पूर्ण आत गेलेला नसणं हे मोठं कारण निघालं. छोट्या कॅबिनेटमध्ये झाकण केबलला दाबतं, केबल प्लगला तिरपं ओढते. म्हणून प्लगपासून साधारण ३५ मिमी केबल सरळ ठेवायची आणि मगच वळवायची. आणि प्लग खटकन बसेपर्यंत दाबायचा. इथे हळुवारपणा कामाचा नाही.

उष्णतेशी गाठ

हीटसिंकमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत जवळजवळ निर्वात असतं आणि थोडंसं पाणी. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं, आणि आतल्या सच्छिद्र थरातून ते परत येतं. पंप नाही, हलणारा भाग नाही. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लरने अशा युक्तीचं पेटंट १९४४ मध्ये घेतलं होतं, पण कुणी लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि ती अवकाशयानांत गेली. तैवानच्या शटल कंपनीने २००२ च्या सुमाराला तिच्या जोरावर बुटाच्या खोक्याएवढे कॉम्प्युटर विकले: प्रोसेसरची उष्णता नळ्यांनी मागच्या पंख्यापर्यंत न्यायची, म्हणजे एकाच पंख्यात दोन कामं.

आपल्याकडे एक वेगळी अडचण. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांची असताना चिप ७५ ला राहत असेल, तर खोली ४० ची झाल्यावर चिप ९० च्या घरात जाणार. युरोपातल्या कुणाच्या चाचणीतले आकडे बघून चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यासाठी ७ लिटरचा डबा ठरवू नका. एएमडीचे ७००० मालिकेचे बरेच प्रोसेसर ९५ अंशांना आपणहून वेग कमी करतात. जळत बिळत काही नाही, पण पैसे दिलेला वेग मिळत नाही.

त्यावर फुकटचा उतारा आहे. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचे वॉट कमी करा. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ ओरबाडण्यासाठीच सर्वांत जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे १७० वॉटचा प्रोसेसर १०५ वर आणला तरी वेग किरकोळ घटतो, आवाज मात्र ओळखू येईल इतका उतरतो. छोट्या कॅबिनेटमध्ये ही तडजोड न करणारा माणूस हौशी नाही, हट्टी आहे.

पाण्याचा कूलर लावलात तर पंप सर्वांत उंच ठेवू नका. आतली हवा वर जाऊन बसते आणि पंप गुडगुडायला लागतो.

हात आत जात नाही, तेव्हा

मोठ्या कॅबिनेटमध्ये क्रम चुकला तर नंतर निस्तरता येतं. इथे हातच आत जात नाही, त्यामुळे क्रमालाच सगळी किंमत. मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवायचा आणि प्रोसेसर, रॅम, कूलर तिथेच बसवायचे. बोर्ड उलटा करून पाहायचा: बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डांना एम-डॉट-टूचा दुसरा खाचा पाठीला असतो. तो विसरलात तर पुढे सगळं सोडवून पुन्हा इथे यावं लागतं. मग एसएमपीएस आणि ग्राफिक कार्ड टेबलावरच जोडून पडद्यावर काहीतरी दिसतंय ना, याची खात्री.

बटण कुठे आहे? लागत नाही. बोर्डाच्या कडेला बारीक पिनांची ओळ असते, त्यात पॉवर स्विचच्या दोन. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन्हींना एकदम क्षणभर टेकवा: पंखा गरकन फिरतो. कॅबिनेटचं देखणं बटणही यापेक्षा काही जास्त करत नाही.

मग सगळं आत. प्रोसेसरची आठ पिनांची केबल एसएमपीएस बसवण्याआधी लावायची, कारण नंतर तिच्या सॉकेटपर्यंत फक्त दोन बोटांची नखं पोचतात. पुढच्या बटणाच्या आणि दिव्याच्या वायरी चिमट्याने. स्विचची वायर उलटी लागली तरी चालते. दिव्याची उलटी लागली तर दिवा लागत नाही. २४ पिनांची जाड केबल सर्वांत शेवटी मोडून बसवायची आणि वरून झाकण दाबून धरत स्क्रू आवळायचे. केबल हव्या त्या लांबीच्या बनवून घेता येतात. एवढ्या उद्योगात केबलवर खर्च केलेले पैसे मला सर्वांत सत्कारणी लागलेले वाटतात.

लॅमिंग्टन रोड आणि नारळाचा केक

मुंबईत सुट्या भागांसाठी ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा, हा रिवाज आहे. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ‘मोठं कॅबिनेट घ्या, स्वस्त पडेल’ हा सल्ला तिथे फुकट मिळतो, आणि तो चुकीचाही नसतो. ज्यांच्या नावाचा हा रस्ता ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते, आणि चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेल्या तिथल्या लाडक्या केकला लॅमिंग्टन म्हणतात ते बहुधा त्यांच्याच नावावरून. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये क्रांतिकारक उधमसिंगांनी पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर याच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा व्यासपीठावर हेच लॅमिंग्टन होते आणि त्यांच्या हाताला गोळी लागली. रॅमचा भाव करताना हे कुणाच्या डोक्यात असतं!

छोट्या कॉम्प्युटरची दखल भारत सरकारनेही घेतली आहे. ३ ऑगस्ट २०२३ ला परकीय व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅब्लेट यांच्याबरोबर ‘अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर’ कॉम्प्युटरच्या आयातीवरही परवान्याचं बंधन घातलं. दुसऱ्याच दिवशी मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवली आणि पुढे कडक परवान्याऐवजी ऑनलाइन नोंदणीची सोपी व्यवस्था आली.

मग घ्यावं काय?

तुलनेसाठी: मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स सातेक लिटरचा, सोनीचा पहिला पीएस-५ साधारण साडेदहा लिटरचा. म्हणजे १० लिटरचा घरी जोडलेला पीसी पीएस-५ पेक्षा लहान ठरतो. गेमिंग नको, बँकेचं, हिशोबाचं, लिहिण्याचं काम असेल तर जोडाजोडीच्या फंदात पडूच नका. लेनोव्हो, एचपी, डेल यांचे सव्वा लिटरच्या आतले ऑफिसचे कॉम्प्युटर मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने अडकतात आणि सेकंडहँड बाजारात मुबलक मिळतात. थोडी जोडण्याची हौसही भागवायची तर एएसरॉकचं डेस्कमिनी आहे, १.९२ लिटरचं, त्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी तुम्ही घालायचे.

फ्रेमवर्क कंपनीचा २०२५ चा साडेचार लिटरचा डेस्कटॉप या सगळ्यात चमत्कारिक. दुरुस्त करता येण्याजोग्या लॅपटॉपसाठी नावाजलेली ही कंपनी, आणि तिने रॅम बोर्डालाच चिकटवून टाकली. कारण त्या प्रोसेसरला लागणारा मेमरीचा वेग सुट्या रॅमने मिळत नव्हता. वेगाची किंमत वसूल होते ती अशी.

पहिल्यांदाच जोडणार असाल तर ७ लिटरच्या मोहात पडू नका. कूलर मास्टरचं एनआर २०० हे १८ लिटरचं कॅबिनेट २०२० पासून आहे. त्यात हात जातो, मोठा पंखा बसतो आणि चूक झाली तर माफी मिळते. कॅबिनेट ठरवलंत की कूलरची उंची, कार्डाची लांबी आणि जाडी, एसएमपीएसचा प्रकार या चार गोष्टी कागदावर लिहा, कंपनीच्या मापांशी ताडून पाहा आणि मगच ऑर्डर द्या. दुकानदार उघडलेलं कार्ड परत घेत नाही.